ज्याचा त्यानं शोध

नरहरनं कडीला हात घातला आणि वाजवायच्या आधीच मागे घेतला.

"बाबा, अब बजाइए भी," मागून ईशानी म्हणाली.

घाटामागच्या मराठी मोहल्ल्यात, दूधविनायकाच्या बोळात, सकाळची वर्दळ होती. ओळखीचं कुणी बघेल म्हणून नरहरचा जीव नुसता खालीवर होत होता. आत त्याचे वडील, श्रीनिवासशास्त्री, तर्कशास्त्राचा पाठ घेत असणार. शहात्तर साली नरहरनं बहाई धर्म स्वीकारला, बापलेकांत कडाक्याचं भांडण झालं आणि तो हेच दार ओढून निघून गेला. त्याला अठरा वर्षं झाली.

आणि आता ही पोरगी! बहाई घरातलं मूल पंधराव्या वर्षी स्वतःच ठरवतं, आईबापांचा धर्म आपला म्हणायचा की नाही. मागच्या आठवड्यात ईशानीला पंधरा पूर्ण झाली. घरी मंडळी जमली, प्रार्थना झाली, तिच्या आईनं श्रीखंड केलं. सगळे कौतुकानं बघत होते आणि कार्टी म्हणाली, "मला अजून पटलेलं नाही. आधी आजोबांकडे तर्क शिकते, मग सांगते."

नरहरच्या तोंडचं पाणी पळालं. पण बोलणार काय? दर रविवारी मुलांच्या वर्गात तोच घसा फोडून सांगायचा, कुणी सांगतं म्हणून मानू नका, सत्य ज्याचं त्यानं शोधा. दुसऱ्यांच्या पोरांना सांगणं किती सोपं होतं! ह्या दारातून ती आत गेली की आपली राहणार नाही, ह्या भीतीनं त्याला आठवडाभर झोप नव्हती.

शेवटी कडी ईशानीनंच वाजवली.

शास्त्रीबुवा दारात आले. केवढे वाकले होते! त्यांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोण गं तू?"

"ईशानी. ह्यांची मुलगी. मला तर्क शिकायचाय."

"ह्यानं धाडलं?"

"छे! ह्यांना नकोच होतं. तरी मला घेऊन आले."

म्हाताऱ्यानं तिला नीट न्याहाळलं.

"शिकलीस आणि उद्या माझंच म्हणणं खोडलंस तर?"

"तर तुमच्या तोंडावर सांगेन."

"आणि मग जाशील निघून. ह्याच्यासारखी."

"निघून कशाला?" ईशानीला खरंच कळेना. "दुसऱ्या दिवशी परत येईन की. बाबांशी रोज भांडते, पण जेवायला घरीच असते ना."

एवढी साधी गोष्ट! नरहरला रडू कोसळेलसं वाटलं. वडिलांकडे बघायची छाती होईना. ईशानी चपला काढून केव्हाच आत गेली होती आणि तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा होता.

शास्त्रीबुवा वळले. पाठमोरेच म्हणाले,

"चपला आत काढ. बाहेर ठेवल्या तर माकडं नेतात."

नरहर उंबरा ओलांडून आत आला आणि खाली वाकला. चपलेचा पट्टा काही केल्या सुटेना.