टेकडीवरच्या उभ्या ओळी

खडा छोटासाच, हरभऱ्याएवढा, वरून घरंगळत आला आणि कोंडिरामच्या चपलेला टेकून थांबला. त्याने वर पाहिलं. माणूस नाही, शेळी नाही... मग हा सुटला कशाने?

दोन दिवस उघडीप होती, आज दुपारपासून आभाळ पुन्हा भरून आलेलं. काशीमिऱ्याच्या या टेकडीवर महिन्याभरापूर्वी पाचशे रोपं लागली, त्या कामावर मुकादम तोच. गेल्या जुलैत टेकडीची माती खालच्या वस्तीत उतरली होती, म्हणून ही झाडं — माती धरतील, सावली देतील, विहिरीला पाणी येईल, असं मंडपात भाषण झालं. आणि मंडपातून रोपं नीट दिसावीत म्हणून पालिकेच्या साहेबांनी ओळी उभ्या मागितल्या, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, मधलं गवत साफ. त्या ओळी आखायला चुन्याची फक्की मीच मारली, कोंडिरामला आठवलं. बापाने रोजगार हमीवर हयात घालवली, उतारावर काम आडवंच करायचं, पाणी पळू द्यायचं नाही, हे मला चौथीत असल्यापासून ठाऊक — तरी तोंडातून ‘बरं साहेब’ निघालं, मुकादमी नवी होती ना...

आता प्रत्येक ओळीलगत पाण्याने वीतभर चर पाडला होता. रोपं मात्र तरारलेली. त्यांच्या मुळांनी माती धरायला अजून तीन-चार वर्षं. गवत धरून होतं, ते आपण खरवडलं. चर संपत होते तिथे पहिलंच पत्र्याचं घर सरोजाचं, त्याच्या धाकट्या बहिणीचं.

तो खाली उतरला. सांगायचंच — पोरींना घेऊन नवघरला माझ्या खोलीवर चल, पाऊस सरेपर्यंत. सरोजाने चहा टाकला. गेल्या वर्षी माती उतरल्यावर महिनोन् महिने ती धास्तीने बसल्या बसल्या झोपायची. आता चेहरा भरला होता.

“दादा, शेजारीण म्हणत होती, पावसाभर गावाला जाऊन राहते. मी म्हटलं, कशाला? वर माझ्या भावानं झाडं लावलीत. मग तीपण थांबली.”

शेजारीणही... आणि अशी आणखी किती घरं? कोंडिरामने कप खाली ठेवला.

“सरू, झाडं लहान आहेत गं अजून.”

“होतील की मोठी.”

पत्र्यावर थेंब वाजू लागले. सरोजाने मानसुद्धा वर केली नाही, ती पोरीची वेणी घालत राहिली. तिची भीती गेली होती, सगळीच्या सगळी, आणि ती मी घालवली होती. बोलायचं ते जिभेवर तयार होतं, शब्दन् शब्द. पण ते ऐकून ही आपल्याकडे कशी पाहील, याची भीती टेकडीच्या भीतीहून मोठी आहे, हे त्याला लख्ख कळलं... आणि कळूनही तो बसूनच राहिला, तेव्हा त्याला स्वतःचीच भीती वाटू लागली.