जास्तीची एक फेरी

विमानतळाच्या टॉवरमध्ये सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून तो खूश होता. दोन विमानांमध्ये जेवढं अंतर हवं, तेवढंच तो ठेवायचा. कमी तर नाहीच नाही, पण उगाच जास्तही नाही. नवी पोरं घाबरून ढीगभर अंतर सोडत, तेव्हा तो त्यांच्यावर डाफरायचा. अरे बाबांनो, तुम्ही इथे अंतर उधळता, तिकडे वर मागची सगळी रांग घिरट्या घालत बसते, आणि त्या रांगेत कुणाला कसली घाई असेल हे तुम्हाला काय माहीत?

विमानतळालगतच्या घरी आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं, आज-उद्याचं काही खरं नाही. धाकट्या भावाने परदेशात गेल्यापासून सहा वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, तो आता मिळेल त्या विमानाने निघाला होता. आईचं एकच पालुपद, धाकटा आला का? त्या सकाळी कामावर निघताना या थोरल्याने तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तुझ्या धाकट्याला आज मीच खाली उतरवतो बघ." आई हसली. किती दिवसांनी हसली. रजा टाका म्हणून बायकोने परोपरीने विनवलं होतं, पण ते हसू बघितल्यावर हा कुठला ऐकतोय!

खरं तर मन थाऱ्यावर नसेल तर शिफ्ट बघणाऱ्या मॅडमना आधी सांगायचं आणि खुर्चीत बसायचंच नाही, असा तिथला नियम. पोरांकडून तो घोकून घेणाराही हाच. त्या दिवशी मात्र मूग गिळून बसला. मोबाइल वर नेता येत नाही, तो खाली कपाटात टाकला आणि हेडफोन चढवला.

दुपारी धाकट्याचं विमान आलं. त्याच्या पुढे एक भलंमोठं धूड उतरत होतं. असल्या धुडामागे हवा बराच वेळ घुसळत राहते, म्हणून मागच्याला जरा लांबच ठेवतात. तेवढं अंतर होतं, वर चार बोटं जास्तच होतं. धूड टेकलं, वेग कमी करत धावपट्टीवरून बाहेर वळायला लागलं. ते पुरतं बाहेर पडल्याशिवाय मागच्याला उतरू देत नाहीत. नाक वळलं, पोट वळलं, शेपूट तेवढी राहिली. हे त्याने हजारदा पाहिलेलं. अशा वेळी तो शांतपणे थांबायचा, शेपूट बाहेर पडली की परवानगी द्यायचा, आणि सगळं बिनबोभाट पार पडायचं.

पण काचेतून त्याला मागचं विमान दिसलं, दिवे लावून खाली येणारं. त्यात धाकटा होता. धूड तिथेच अडकलं तर? चाक बसलं तर? जन्मात कधी न सुचलेल्या शंका एकदम सुचल्या आणि तोंडून हुकूम निघून गेला, पुन्हा वर जा. वैमानिकाने मुकाट्याने विमान वर उचललं. पुढच्याच क्षणी धावपट्टी मोकळी झाली. शेजारच्या सहकाऱ्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. आता वर गेलेल्याला लगेच मध्ये घुसवता थोडंच येतं? सगळ्यांच्या मागून, लांबचा वळसा घालून त्याला यावं लागलं. त्यात अर्धा तास गेला.

धाकटा उतरल्यानंतर थोड्या वेळाने मॅडम वर आल्या. त्यांनी त्याच्या शेजारी दुसऱ्याला बसवलं. कुठलं विमान कुठे आहे, ते सगळं नीट सोपवून झालं, हेडफोन उतरला, आणि मगच त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घरून फोन आला होता.

तो घरी पोचला तेव्हा धाकटा आईचा हात धरून जमिनीवर बसला होता. अंगात प्रवासाचा कोट तसाच. बायकोने हळू आवाजात सांगितलं, शेवटपर्यंत शुद्ध होती. दुपारी एक विमान अगदी खाली येऊन गरजत पुन्हा वर गेलं, तेव्हा आईंनी खिडकी उघडायला लावली. म्हणाल्या, हा आलाच बघ, आता मी थांबते. थांबायचा फार प्रयत्न केला त्यांनी. वीस मिनिटं कमी पडली.

धाकट्याने मान वर केली. "दादा, टेकता टेकता आम्हाला परत वर नेलं. तू होतास ना तिथे? काहीतरी मोठा धोका असणार. तू होतास म्हणून वाचलो मी."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. जास्त काळजी घेतली म्हणून कुठल्याही चौकशीत कुणाला कुणी दोषी धरत नाही. पण आईसमोर त्याला खोटं बोलवेना.

"धोका नव्हता," तो म्हणाला. "धावपट्टी मोकळी होतच होती. दुसरं कुणी असतं त्या विमानात, तर मी उतरवलं असतं. तू होतास म्हणून भ्यालो."

धाकट्याने आईचा हात सोडला नाही. तसाच थोडा सरकला आणि शेजारी थोरल्यासाठी जागा केली. थोरला उंबऱ्यातच उभा होता. चार पावलांचं अंतर होतं, पण त्याला पुढे जाववेना.