खिडकीच्या फाईलची कैफियत

विषय : शिवणखोलीला एक खिडकी काढू देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार बाईंचे चार अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी त्याच विषयाची फाईल बोलतेय. फाईलने स्वतःबद्दल लिहावं अशी कार्यालयात पद्धत नाही. पण आठ वर्षांत माझ्यावर दुसऱ्या कुणी निर्णय लिहिला नाही, म्हणून नाइलाज आहे.

माझा जन्म अर्ध्या मिनिटाचा. जाड खाकी पुठ्ठा, दोन भोकं, एक लाल नाडी. पोटात एकच कागद : ‘माझ्या खोलीला खिडकी नाही. शिवताना दिसत नाही. मागच्या भिंतीत खिडकी काढू द्यावी. उपकार होतील.’ इमारत कार्यालयाच्या मालकीची, त्यामुळे परवानगी आली. म्हणजे आली नाही, लागते.

मला ज्यांच्या टेबलावर ठेवलं त्या कारकुनांना सगळे वाचस्पती म्हणत. कौतुकाने नव्हे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पोटात कादंबरी ठेवली. माप बरोबर बसलं. तेव्हापासून मी रोज उघडी असायची. कादंबऱ्या झाल्या, प्रवासवर्णनं झाली, मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक तर पावणेदोन महिने चाललं. बंद कपाटातल्या माझ्या बहिणींना माझा हेवा वाटे.

साहेब जाता जाता म्हणायचे, “बघा, फाईल अशी बघावी! शिका जरा.”

“साहेब, काल तर खिडकीच्या फाईलने यांना रडू आलं,” शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या.

“विषयच तसा आहे,” वाचस्पतींनी पान उलटलं.

मधल्या काळात बाईंचा दुसरा अर्ज आला, मग तिसरा. ‘मागील अर्जासोबत ठेवावा’ असा शेरा मारून दोन्ही पुस्तकाखाली गेले.

एके दिवशी पुस्तक दुपारीच संपलं आणि ग्रंथालयाला सुट्टी होती. वाचल्याशिवाय त्यांना करमेना. शेवटी त्यांनी मला वाचायला घेतलं. तिन्ही अर्ज शेजारी शेजारी मांडले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

“ताई, हे बघा.”

“काय बघू? तिन्हीत तीच चार वाक्यं आहेत.”

“वाक्यं नका बघू, अक्षर बघा.”

पहिल्या अर्जातलं अक्षर बारीक, सुबक. निम्मं पान कोरं. दुसऱ्यात तीच वाक्यं पानभर. तिसऱ्यात तीच वाक्यं दोन पानांवर, आणि ओळी उतरणीला लागलेल्या.

ताईंनी तिन्ही कागद पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, “हे तुम्हाला कसं हो दिसलं?”

“पुस्तकांची सवय.”

“आणि आठ वर्षं कसं दिसलं नाही?”

वाचस्पतींनी चष्मा काढून पुसला. “तीही पुस्तकांचीच सवय.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन भिंत मोजून आले. सहा पानी टिपणी लिहिली. साहेबांनी ती परत पाठवली : ‘एवढे कोण वाचणार? थोडक्यात सादर करावे.’ त्यांनी सहा ओळी केल्या. त्यावर शेरा आला : ‘तपशील अपुरा.’ महिनाअखेरीस वाचस्पती निवृत्त झाले.

मी पुठ्ठा आहे, मला उलगडा होत नाही. त्यांनी वाचलं नसतं, तर खिडकी कधीच झाली असती का? पण ताईंनी तर काहीच वाचलं नाही. त्यांच्याकडच्या फाईलीही तिथेच आहेत. आणि वाचस्पतींनी वाचलं नसतं, तर ते अक्षर दिसलं तरी कुणाला असतं? वाचावं की वाचू नये, हे मला विचारू नका. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की पुस्तक संपायच्या आधीही एकदा उचलून खाली काय आहे ते बघावं.

सद्यःस्थिती अशी : गेल्या महिन्यात चौथा अर्ज आला. अक्षर बारीक, नीटस आहे, ते वाचस्पतींचं. सही बाईंची आहे. तिने अर्धं पान व्यापलं आहे.

अर्ज प्रलंबित आहे.