रेगाम की रेगेबो

अंधेरीला माधुरी मॅडमच्या घरी दर शनिवारी लॅटिनचा वर्ग भरायचा. बोरीवलीची गार्गी आणि भांडुपची दीप्ती या दोघी त्यात सगळ्यात पुढे. रोमच्या एका अभ्यासक्रमासाठी दोघींपैकी एकीलाच जाता येणार होतं. ते लेखी परीक्षेवर ठरणार होतं.

गार्गीला क्रियापदांची रूपं तोंडपाठ होती. दीप्तीला मात्र त्यांची मुळं सापडायची. ‘रेगो’ म्हणजे राज्य करतो, सरळ नेतो, हे मॅडम शिकवत असताना दीप्तीने मध्येच विचारलं होतं, आपले ‘राजा’ आणि ‘ऋजु’ याच घरातले ना? मॅडम केवढ्या खूश झाल्या होत्या. गार्गीला ते लागलं होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दीप्तीचा फोन आला. भविष्यकाळात ती अडकली होती. प्रेम करीन ‘आमाबो’, तर राज्य करीन ‘रेगेबो’च ना? हा गण वेगळा, इथे ‘बो’ लागत नाही, ‘रेगाम’ होतं, हे गार्गीला झोपेतही सांगता आलं असतं.

“हो, रेगेबो,” ती म्हणाली.

मग तिला जेवण गेलं नाही. परत फोन करावा म्हणून मोबाइल उचलला, तेवढ्यात दीप्तीचा मेसेज आला. आभार मानले असतील, असं वाटून तिने तो उघडलाच नाही.

परीक्षेत ‘रेगो’चाच भविष्यकाळ आला. निकालात गार्गी थोड्याच मार्कांनी पुढे होती. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. गार्गीने एकही खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी ती भांडुपला दीप्तीच्या घरी गेली आणि आपण मुद्दाम चुकीचं सांगितल्याचं तिने कबूल केलं.

दीप्ती म्हणाली, “मी रेगामच लिहिलं. तुझा फोन ठेवल्यावर पुस्तक बघितलं. मला वाटलं, तुझीच गफलत झालीय, उद्या पेपरात चुकशील. म्हणून लगेच मेसेज टाकला.”

गार्गीने तिथेच मेसेज उघडला. ‘अगं, रेगाम आहे. तू पण नीट बघून घे.’

जागा तिने खरोखरच मिळवली होती, पण ते कळून काहीच हलकं झालं नाही. मॅडमना सगळं सांगून मी नाव मागे घेते, असं ती म्हणाली. दीप्तीने नकारार्थी मान हलवली. मार्क तुझे आहेत, तूच जा, म्हणाली.

पुढच्या शनिवारी दीप्ती वर्गाला आली. गार्गीशेजारीच बसली. काही अडलं, तेव्हा मात्र तिने थेट मॅडमना विचारलं.