शेजारधर्माचा विस्तव

पैज लागली ती एका सॉसेजवरून. आणि ते सॉसेज तरी धड होतं का? छे!

पायसांदू गावातल्या एका गल्लीची मंडळी रविवारी सकाळी क्लबाच्या मैदानावर बोचाच्या खेळातले गोळे फेकायला जमतात. गोळे फेकणं कमी, एकमेकांची उणीदुणी काढणं जास्त. एलादिओ पिन्तोस, निवृत्त पोस्टमन, बगलेत थर्मास दाबून नळीनं कडू मात्तेचा काढा ओढत उभा होता. तेवढ्यात शेजारचा वाल्देमार आला. हातात चंदेरी कागदाची पुडी, आणि चेहऱ्यावर असं हसू, की बघणाऱ्यानं आधी आपला खिसा चाचपावा.

"घे, चाखून बघ. माझ्या नव्या गॅसच्या मशीनवरचं आहे. ना धूर, ना राख, ना डोळ्यांत पाणी. कान पिळला की जाळ!"

एलादिओनं पुडी उघडली, सॉसेज नाकाशी नेलं आणि परत गुंडाळलं.

"हे भाजलंयस, की याला ताप आलाय?"

मंडळी खिदळली. वाल्देमारच्या मानेवर लाली चढली.

"तुला नुसता धुराचा नाद आहे रे म्हाताऱ्या! डोळे मिटून खायला दिलं ना, तर लाकडावरचं कुठलं न् गॅसवरचं कुठलं, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या मांजरीला कळेल."

"मग लाव पैज!"

"लावली!"

झालं. क्लबाचा अध्यक्ष फाउस्तो, ज्याचं कोपऱ्यावर खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे, तो अशा क्षणाची वाटच बघत असतो. त्यानं हातातला गोळा खाली ठेवला आणि तिथल्या तिथे अटी घातल्या. येत्या रविवारी दोघांनी आपापल्या अंगणात फासळ्या भाजायच्या. एलादिओनं लाकडाच्या निखाऱ्यांवर, वाल्देमारनं गॅसवर. तिघांनी चाखायच्या. तिघांनी बरोबर ओळखलं, तर वाल्देमारनं आपलं मशीन पुढच्या रविवारी, चर्चमधला मास सुटल्यावर, बायकोचा एप्रन बांधून चौकात ढकलत फिरवायचं आणि ओरडायचं, "गॅस फक्त पाणी तापवायला!" ओळखता आलं नाही, तर एलादिओनं डोक्यावर ओंडका घेऊन तीच फेरी मारायची.

"आणि मग," फाउस्तो म्हणाला, "क्लबातली विटांची भट्टी पाडून तिथेही मशीनच घेऊ. लाकडात उंदीर होतात अशी तक्रार आहेच."

इथे एलादिओनं मात्तेची नळी तोंडातून काढली. ती भट्टी त्याच्या बापानं बांधलेली. दरवर्षी ऑगस्टच्या सणाला अख्खा क्लब जेवायला बसतो, तेव्हा त्या भट्टीपुढे हातात सळई घेऊन उभा राहतो तो एलादिओ. जेवणं आटपली की कुणीतरी ओरडतं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" आणि सगळे वाजवतात. वर्षातला तेवढा एक दिवस लोक त्याला मानानं 'डॉन एलादिओ' म्हणतात. बाकीचे दिवस 'ए पोस्टमन'.

पण माघार घेईल तर तो एलादिओ कसला! त्यानं हात पुढे केला. वाल्देमारनं तो दाबला. जरा जास्तच खुशीत दाबला. तिथेच एलादिओच्या डोक्यात किडा शिरला.

आठवडाभर तो किडा वळवळत राहिला. या माणसाला एवढी खात्री कशाची? बुधवारी वाल्देमार कागदी पिशवीतून काहीतरी घेऊन आला. एलादिओनं पडद्याआडून पाहिलं.

"झुल्मा, त्यानं बाटली आणलीय. हल्ली धुराचं पाणी मिळतं म्हणे. चार थेंब टाकले की झाला धुराचा वास."

"व्हिनेगर असेल," बायको म्हणाली.

"व्हिनेगर कुणी असं छातीशी धरून आणतं?"

"अरे, तुला संशय घ्यायचा पगार मिळतो का? पेन्शन मिळते ना, तेवढी पुरे."

शुक्रवारी वाल्देमार खाटकाकडे भेटला आणि त्यानं स्वतःहून नमस्कार केला. एलादिओला रात्रभर झोप नाही. शनिवारी पलीकडे मशीन धुतल्याचा आवाज आला. लढाईच्या आदल्या दिवशी धुतं कोण? पुरावा नष्ट करणारा!

रविवार उजाडला तो हाडं गोठवणारा. एलादिओनं सकाळीच एस्पिनिशोची काटेरी लाकडं लोखंडी पिंजऱ्यात रचून पेटवली. याचं शास्त्र असं की मांसाला ज्वाळा दाखवायचीच नाही. लाकूड एका बाजूला जळत राहतं, त्याचे निखारे खाली गळतात, ते सळईनं ओढून जाळीखाली पसरायचे, आणि मांस त्यांच्या उबेवर सावकाश शिजू द्यायचं. घाई करणाऱ्याचं इथे काम नाही. आणि दुसऱ्याच्या विस्तवाला हात लावायचा नाही, दुसऱ्याचं झाकण उचलायचं नाही. हा नियम एलादिओनं गल्लीतल्या पोराबाळांना ओरडून ओरडून शिकवलेला.

पलीकडे वाल्देमारनं रेडिओ मोठ्यानं लावला होता.

"रेडिओ का लावलाय?" एलादिओ पुटपुटला. "काहीतरी ऐकू येऊ नये म्हणून."

"फुटबॉल आहे," झुल्मा म्हणाली.

"तेच! निमित्ताला फुटबॉल बरा आहे."

तो फळांच्या खोक्यावर चढून भिंतीवरून डोकावला. वाल्देमार मशीनचं झाकण बंद करून शीळ घालत उभा. बाटलीबिटली कुठे दिसेना. खोक्यावरून उतरतोय तोच फाटकातून आवाज आला.

"अहो शेजारी!"

डोन्या एर्मिन्दा, म्हणजे एर्मिन्दाबाई, वाल्देमारची सासू. लोकरीच्या दोन शाली, पायात नातवाचे मोजे, आणि हातात पाय शेकायची लोखंडी शेगडी.

"दोन फावडी विस्तव द्या हो. पाय नुसते बर्फ झालेत. आमच्याकडे काय, गॅस! त्याच्यावर मेलं मांजरसुद्धा बसत नाही."

आता या गावात माणूस शेजाऱ्याला शिडी नाही म्हणेल, पण पेटलेल्या चुलीवरून विस्तव मागितला तर नाही म्हणणार नाही. त्यात मागणारी म्हातारी, आणि वर गॅसला शिव्या घालणारी! एलादिओचा ऊर भरून आला. त्यानं लालबुंद निखारे निवडून शेगडी भरली.

"अजून लागला तर सांगा डोन्या. लाजू नका."

"देव तुमचं भलं करो. तुमच्यासारखा जावई हवा होता मला."

म्हातारी लाजली नाही. थोड्या वेळानं परत आली. "विझला हो, वारा आहे." एलादिओनं परत भरली. मग तिसऱ्यांदा आली. "हाडातली थंडी आहे, तुम्हाला नाही कळायची." एलादिओनं तिसऱ्यांदा भरली. तिच्यावर त्याला संशय आला का? नाही! सगळा संशय वाल्देमारवर खर्च झालेला, म्हातारीच्या वाट्याला चिमूटभरही उरला नव्हता. तो पुन्हा खोक्यावर चढला. वाल्देमारच्या चपला, वाल्देमारचे खिसे, वाल्देमारच्या शर्टाच्या बाह्या, सगळं तपासलं. धूर तर येतच होता, पण तो आपल्याच अंगणातला, असं त्याला वाटलं.

"एलादिओ!" झुल्मानं हाक मारली. "तुझी जाळी गार पडलीय!"

तो धावला. खरंच की! जाळीखाली मूठभर करडे निखारे उरलेले, वर फासळ्या पांढऱ्याफटक. पिंजऱ्यातली लाकडं अजून अर्धी कच्ची. पलीकडून फाउस्तोची हाक आली, पंच बसलेत, मांस आणा. आणि मग एलादिओनं असं काही केलं, की दुसऱ्या कुणी केलं असतं तर तो त्याच्याशी वर्षभर बोलला नसता. जळकी लाकडं ज्वाळेसकट मांसाखाली सारली. चरबी भडकली, फासळ्या बाहेरून काळ्या पडल्या, आतून कशा असतील ते देवाला ठाऊक.

टेबल वाल्देमारच्या अंगणात मांडलं होतं. पंच तीन: फाउस्तो, औषधांच्या दुकानातली नोरेलिया आणि फुटबॉलचा एक निवृत्त रेफरी, ज्याच्या निकालावर आजवर कुणीच खूश झालेलं नाही. वाल्देमारनं सगळ्यांसमोर मशीनच्या कळा फिरवल्या. "गॅस बंद, मंडळी." मांस पंचांच्या पाठीमागे निळ्या काठाच्या आणि पांढऱ्या काठाच्या ताटांत वाढलं गेलं. निळं एलादिओचं, पांढरं वाल्देमारचं. हे फक्त झुल्माला आणि त्या दोघांना माहीत.

तिघं चावत राहिले. रेडिओ आता बंद होता, त्यामुळे चावल्याचा आवाज ऐकू येत होता.

नोरेलियानं पांढरं ताट पुढे ओढलं. "हे लाकडावरचं. यात शंकाच नाही. हाडापर्यंत शिजलंय, आणि वास बघा!"

"पांढरं," रेफरी म्हणाला.

फाउस्तोनं निळ्या ताटाला बोट लावलं. "आणि हे गॅसचं. बाहेरून कोळसा, आतून कच्चं. माफ कर वाल्देमार, पण हे मशीन म्हणजे मांसाचा अपमान आहे रे."

झुल्मानं ताटांचं गुपित सांगितलं. अंगणात एकच गलका झाला. वाल्देमारनं दोन्ही हात वर केले. "ओळखता आलं नाही! तिघांनाही नाही! एलादिओ, ओंडका शोधून ठेव."

एलादिओच्या डोळ्यांपुढे बापाच्या हातच्या विटा एकेक करून खाली पडायला लागल्या. "यानं काहीतरी केलंय," तो म्हणाला. "काय ते मला माहीत नाही. पण केलंय."

"उघडून बघ की," वाल्देमार म्हणाला. "उचल झाकण."

आणि वाल्देमार नेमका यावरच विसंबून होता, डामरट! कारण एलादिओ दुसऱ्याचं झाकण उचलणार नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. एलादिओचा हात पुढे गेला आणि मागे आला.

तेवढ्यात फरशीवर खुर्ची फरफटल्याचा आवाज झाला. डोन्या एर्मिन्दा. कुणाकडे न बघता तिनं आपली वेताची खुर्ची ओढत ओढत मशीनपाशी नेली, बसली, चपला काढल्या आणि नातवाचे मोजे घातलेले दोन्ही पाय मशीनच्या पोटाला लावून डोळे मिटले.

"आई गं," ती म्हणाली. "आता कुठे जिवात जीव आला."

सगळे तिच्या पायांकडे बघायला लागले.

"डोन्या," एलादिओनं हळूच विचारलं, "तुमची शेगडी कुठाय?"

"ती काय, कोपऱ्यात. गार. मी दर वेळी भरून आणायची आणि हा मेला माझ्या हातातून घेऊन यात ओतायचा. म्हणाला, सासूबाई, संध्याकाळी दुप्पट देतो. संध्याकाळपर्यंत मी जगले तर!"

"गॅस बंद होऊन किती वेळ झाला रे वाल्देमार?" रेफरीनं विचारलं.

वाल्देमारचे हात अजून वरच होते. ते हळूहळू खाली आले.

"सासूबाई," तो म्हणाला, "तुम्ही शत्रूच्या गोटातल्या आहात."

"मी थंडीच्या विरोधात आहे," म्हातारी म्हणाली.

मग अंगणात जे हसणं झालं, त्यात भिंतीवर चढलेली गल्लीसुद्धा सामील होती. एकटा एलादिओ हसला नाही. त्याच्या मनात हिशेब उलटा फिरत होता. पैज जिंकलो. भट्टी वाचली. पण विस्तव माझा, लाकूड माझं, आणि त्याच विस्तवावर या भामट्यानं माझ्यापेक्षा चांगलं भाजलं.

"तुला निखारे राखता येतात," तो वाल्देमारला म्हणाला. हे आरोपासारखंच वाटलं.

"येतात ना. बापानं शिकवलंय."

"मग हे मशीनचं खोकं कशाला घेतलंस?"

वाल्देमारनं कंबरेवर हात ठेवला. "लाकूड फोडवत नाही रे आता. आणि घेतल्यावर कसं म्हणू की चव नाही? तुझ्या त्या सॉसेजसकट तीनदा केलेलं सगळं कुत्र्यांना घातलं. एक कुत्रा तर परत आलाच नाही."

फाउस्तोनं टेबलावर थाप मारली. "निकाल ऐका! वाल्देमारनं गॅसवर भाजलंच नाही, म्हणजे तो हरला. मशीन तो ढकलणार. पण एलादिओ, तीन पंचांनी तुझं मांस गॅसचं ठरवलंय. तेव्हा गॅसची टाकी तू उचलणार. आणि सणाला भट्टीपुढे तुम्ही दोघं. लाकूड तू फोड, निखारे त्याला ओढू दे."

"हा अन्याय आहे," एलादिओ म्हणाला.

"रेफरीला विचार."

"न्याय्य आहे," रेफरी म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला टाळ्या मिळाल्या.

पुढच्या रविवारी मास सुटला तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. वाल्देमार बायकोच्या फुलाफुलांच्या एप्रनमध्ये, मशीनची चिमुकली चाकं दगडी फरसबंदीवर खडखडत. मागे एलादिओ, खांद्यावर टाकी.

"गॅस फक्त पाणी तापवायला!" वाल्देमार ओरडला. लाज वाटायची सोडून लेकाला मजा येत होती. बायका गॅलऱ्यांतून फुलं टाकत होत्या. "मोठ्यानं!" फाउस्तो ओरडला. "गॅस फक्त पाणी तापवायला!"

चौकातल्या पुतळ्याला वळसा घालताना एलादिओनं टाकी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि थबकला. परत हलवली. आतून काही आवाज नाही, वजनही निम्मंच.

"वाल्देमार. ही रिकामी आहे."

"ओरडू दे रे, लोक बघतायत."

"कधीपासून रिकामी आहे?"

"त्या परत न आलेल्या कुत्र्यापासून," वाल्देमार तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाला, आणि मशीनला आणखी एक धक्का देऊन आधीपेक्षा मोठ्यानं ओरडला, "गॅस फक्त पाणी तापवायला!"