चार भोकं आणि एक पाचर

मी पेटी बोलतेय, आणि जरा घाईनं बोलतेय. समोर आमच्या बाईंची नात बसलीय, भोकं बुजवायची लांबी कालवत. माझ्या झाकणावर खिळ्यांची चार भोकं आहेत. ती तिला खुपतात.

माझा जन्म मोडक्या खोक्यांच्या फळ्यांतून झाला. बाईंचे यजमान सुतार. ते गेले, हत्यारं पोत्यात गंजू लागली आणि धाकट्या दिराचा त्यांच्यावर डोळा. बाई बघून बघून काम शिकलेल्या, पण दीर म्हणायचा, "वहिनी, बाईच्या हातात सुई शोभते, पटाशी नाही."

रद्दीतल्या पुस्तकात बाईंना जपानी सुतारांच्या पेटीचं चित्र सापडलं. ना बिजागरी, ना कुलूप! दीर हसला.

"करा तशी. हत्यारं भरून मी उलटी धरीन. काहीही खाली पडलं, तर हत्यारं माझी."

"आणि नाही पडलं तर तोंड बंद. पेटीचं नाही, तुमचं!"

मी उभी राहिले. वर दोन्ही टोकांना आडव्या फळ्या, त्यांच्याखाली झाकण सरकायचं. झाकणावर बाईंनी दोन पट्ट्या ठोकल्या, दोन्हीकडून अगदी सारख्या अंतरावर. त्या नेटकेपणानंच घात केला! झाकण आत जाईचना. इकडून सरकवा, तिकडून सरकवा, पट्टी आडवी यायची.

दीर दारात हजर. "काय, जमतंय का?"

बाईंनी दात आवळले, एक पट्टी उपटली आणि झाकणाच्या मध्याकडे सरकवून ठोकली. ही भोकं तेव्हाची. झाकण त्या बाजूनं खोल गेलं, खाली बसलं, मागे सरकून दुसऱ्या फळीखाली शिरलं.

"अहो, पट्टी आणि फळीमध्ये फट राहिली की!"

"राहणारच. भाऊजी, जन्मभर माझ्या प्रत्येक कामात पाचर मारलीत. आता एक माझी बघा." आणि बाईंनी फटीत लाकडी पाचर ठोकली.

त्यानं मला उलटी केली. हत्यारं धाडकन झाकणावर आदळली. पट्टी कुरकुरली. त्यानं गदागदा हलवलं.

चिमूटभर भुसा पडला.

"पडलं की!"

"तो न्या तुम्ही," बाई म्हणाल्या.

आज बाई नाहीत. माझे कोपरे झिजलेत, पाचर तिसरी आहे. पोरी, तेल लाव, कोपरे घास, चौथी पाचर कर. पण ती लांबी ठेव बाजूला. तुझ्या आजीनं ती पट्टी उपटली नसती, तर माझ्या पोटातली पटाशी आज दुसऱ्याच्या घरी असती.