ऐंशी ते पासष्ट

निशिगंधाने सोळा सोमवार धरले ते आधी देवासाठी नव्हतेच, नायट्रोजनसाठी होते. तिला लागणारा द्रवरूप नायट्रोजन रत्नागिरीत मिळायचा तो गुरांच्या दवाखान्यात. वळूंचं गोठवलेलं बीज त्यात ठेवतात. भरलेली टाकी सोमवारी यायची, आणि तिथला दादू डॉक्टरांच्या परवानगीने तिला दोन लिटर काढून द्यायचा.

"वो मॅडम, थेंबभर जास्त मागू नका. तालुक्यातल्या जर्सी गाभण नाय राहिल्या तर पाप तुमच्या माथी."

"माझा उपास आहे, दादू. आज पाप लागत नाही."

"म्हणून सोमवारीच येता होय!"

सोमवार ठरलेलाच आहे, तर उपासही धरू, असं तिने मनाशी म्हटलं होतं. पहाटे अंघोळ, शंकराला बेल, मग कॉलेजची प्रयोगशाळा. दोन लिटरमध्ये एकच तापमान नीट साधायचं. पहिल्या सोमवारी ऐंशी केल्विन, म्हणजे शून्याखाली एकशे त्र्याण्णव अंश. मग दर सोमवारी एकेक अंश खाली. सोळाव्याला पासष्ट.

मोजायचं होतं ते नखाएवढ्या काळ्या तुकड्यातून जाणारा प्रवाह. मुंबईला पीएचडीसाठी मुकादम सरांच्या हाताखाली तिने तो बनवला होता. तिथलं थंड करणारं यंत्र बंद पडलं, आणि ती तुकडा घेऊन रत्नागिरीला घरी आली, कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. त्या तुकड्यात दोन अतिसंवाहक, विजेला जराही न अडवणारे, एकमेकांना तिरके जोडलेले. मध्ये अगदी पातळ भिंत. इलेक्ट्रॉनच्या जोड्या ती भिंत न फोडता पार होतात. तोच टनेल प्रवाह. थंडी वाढली की हा प्रवाह वाढतो, हे पुस्तकातलं. पण या जातीच्या अतिसंवाहकात जोड्यांची लाट चार पाकळ्यांच्या फुलासारखी असते, एक पाकळी अधिक, शेजारची उणे. तिरक्या जोडात अधिकच्या समोर उणे आली की प्रवाह एकमेकांना खातात, आणि थंड करता करता एकूण प्रवाह उलट घटू शकतो. इतक्या वरच्या तापमानाला तो घटलेला सरांच्या पाहण्यात नव्हता. निशिगंधाच्या तुकड्यात तो सत्त्याहत्तरपासून घटत गेला. तिचा सगळा प्रबंध त्या उतारावर उभा होता, आणि तिसरी, शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपत होती.

सोळावा सोमवार झाला त्या आठवड्यात सरांचा फोन आला. सर मूळचे इथल्याच मिरकरवाडा बंदरावरचे.

"काय गं, बंदरावर पापलेट आलं का? तू खायची नाहीस, पण वास तरी कळव!" मग आवाज खाली आला. "आपण छापायला पाठवलेल्या लेखावर परीक्षकाने एकच विचारलंय. पासष्टवरून परत ऐंशीला नेल्यावर प्रवाह पहिल्याइतका आला का? केलं असशीलच तू."

परत वर जायचं तिला सुचलंच नव्हतं. नायट्रोजन पुरत नव्हता हे खरं. पण पोथीचा रोजचा अध्याय जसा पुढेच वाचायचा, तशी ती पुढेच गेली होती.

"सोमवारी करते, सर."

सतराव्या सोमवारी आई हौसाबाई घरी उद्यापनाचा चूर्मा करत होती. निशिगंधाने तुकडा ऐंशीला आणला. पहिल्या सोमवारी इथे दोनशे बारा मायक्रोअँपियर मिळाले होते. आता एकतीस.

तिने तारा तपासल्या. पुन्हा एकतीस. तळाशी उरलेल्या नायट्रोजनवर पंप लावून तिने घाईने तापमान सत्तरपर्यंत खाली ओढलं. चौतीस. थंड केल्यावर प्रवाह जरासा वाढला, पुस्तकात वाढतो तसा.

मग तिला सगळं दिसलं. दर सोमवारी तुकडा बाहेर काढला की समुद्राची हवा त्यावर दवासारखी बसायची. ती वाळवायची, डबीत ठेवायची, पण ओल आत जात होती आणि जोड आठवड्याआठवड्याला मरत होता. तापमान आणि दिवस एकाच पावलाने चालत होते, म्हणून दिवसांनी झालेली घट थंडीची वाटली. श्रावणात अंगात ताप असतानाही ती आली होती. तो एक सोमवार चुकला असता, तर दोन आठवड्यांत एकच अंश उतरला असता, रेषेला खाच पडली असती, आणि तिला संशय आला असता. पण तिने एकही चुकवला नव्हता.

तिने सरांना फोन लावला.

"सर, उतार खोटा आहे. तुकडा खराब होत होता. लेख मागे घ्या."

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

"दुसरा तुकडा महिनाअखेरपर्यंत होणार नाही, निशिगंधा."

"माहीत आहे."

"मग प्रबंधात राहिलं काय?"

"प्रस्तावना, सर."

सर म्हणाले, "जेवून घे," आणि तिला घरी जाऊन उद्यापनाच्या पानावर आईसमोर कसं बसायचं तेवढंच कळेना.